कपाटातलं पहिलं गाणं

३ नोव्हेंबर

आई,

सुखरूप पोचले. फोन केला की तुमच्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं आणि तुम्ही "कोण? कोण?" करत राहता, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र. कागद शिट्टी मारत नाही, हे तुमचंच म्हणणं.

खोली अकराव्या मजल्यावर आहे. आज कपडेवाल्या बाईंनी मला बाटल्यांच्या कारखान्यातला निळा डगला घातला, तोही नवाकोरा. मी म्हटलं, बाई, आमचे डगले असे नव्हते, सरबताच्या डागांनी भरलेले असायचे. तर तिने बसून ब्रशने एकेक डाग काढला. आपल्याला पूर्ण पाळी लागायची तेवढे डाग पडायला, हिचं काम चहा निवायच्या आत झालं.

दिग्दर्शक म्हणतात, "सिनेमा तुमच्या आयुष्यावरच आहे, तुम्ही फक्त स्वतःसारख्या वागा." तेच जमत नाहीये. मी दारातून आत आले तर म्हणे, ठसका अशी चालणार नाही. मी म्हटलं, ठसका मीच आहे हो.

तुमच्या लेकाचं काम करणारा नट उंचापुरा आहे, केस कपाळावर आलेले. आपला खटपट्या त्याला बघून पोट धरून हसला असता. त्याला जाऊन तीन वर्षं झाली, आणि आज सेटवर कोणीतरी "खटपट्या, इकडे ये" अशी हाक मारली, तर मी गर्रकन वळून बघितलं. मग पाणी प्यायच्या निमित्ताने बाजूला गेले.

तुमच्या टकटकीचं सांगते. इथल्या वेटरने माझ्या टेबलावर दोनदा टकटक करून चहा ठेवला. शाळेतली पोरं बाकं वाजवतात, खेळाडू मैदानात उतरताना खांबावर वाजवतात, आता टूथपेस्टच्या जाहिरातीतही तेच आहे. सगळ्यांना वाटतं माझ्या पहिल्या गाण्याची ती मोठी कलात्मक सुरुवात आहे. मी कपाटात गात होते, तुम्ही दारावर टकटक करून "जेवण गार होतंय" म्हणालात, आणि खटपट्याने रेकॉर्डिंगमधून जेवण कापून टकटक तेवढी ठेवली, हे कोणाला सांगून खरं वाटेल?

हो, कलाविभागातली एक मुलगी ते कपाट बघायला येईल. त्यांना सेटवर तसंच बनवायचं आहे. तिला चहा द्या. गोष्ट लेखकांनी थोडी वरखाली केली आहे. सिनेमा म्हटला की मीठमसाला आलाच. तुम्ही मनावर घेऊ नका.

तुमची,
ठसका


११ नोव्हेंबर

सूनबाई,

ती मुलगी येऊन गेली. कपाटाची लांबी, रुंदी, खोली सगळं मोजलं. आतल्या जुन्या रजया हाताने चाचपून बघितल्या. मी सांगितलं, आवाज घुमू नये म्हणून माझ्या लेकाने त्या चारी बाजूंनी खिळ्यांनी ठोकल्या आणि मला आख्खी थंडी एका चादरीवर काढायला लावली. ती हसली नाही. लिहून घेतलं.

मग कपाटाची कडी बघत बसली. बाहेरून लागते का, किती घट्ट लागते, आतून ढकललं तर निघते का. मी म्हटलं, बाई गं, कपाटाची कडी बाहेरूनच असते, आतून कडी लावायला कपडे काय पळून जाणार आहेत? तेही तिने लिहून घेतलं. बाईला चहा आवडला पण तोंडावर दिसू दिलं नाही.

शेजारीण म्हणाली, तुमची सून टीव्हीवर परीक्षक म्हणून येते, सगळ्यांना सरळ तोंडावर सुनावते. मी म्हटलं, ती कारखान्यातही तशीच होती. यंत्रांच्या त्या खडखडाटात मला एकीचंच बोलणं ऐकू यायचं ते तुझं. म्हणून तर तुला हेरून घरात आणली. बाकीच्या पोरी गोड होत्या, पण गोड बोलणं मला कुठे ऐकू येतं! कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तू तर आलीसच तिखट.

त्या कडीचं एवढं काय आहे ते कळव.

आई


१९ नोव्हेंबर

आई,

कडीचं काही नाही हो. या लोकांना बारकावे लागतात.

सध्या रोज पहाटे उठून तोंडाला रंग लावतात. मला अठरा वर्षांची करायचा प्रयत्न चालला आहे. रंगवणारा दादा म्हणाला, डोळे सोडून सगळं जमलं.

पत्रं खूप येतात, स्टुडिओच्या पत्त्यावर, फोनवर. बहुतेक मुलींची. "दिवसभर झाकणं लावते, तोंडाला नाही लावणार" ही आपल्या गाण्यातली ओळ कोणी भिंतीवर लिहिली, कोणी हातावर गोंदवून घेतली. एका शिवणकामाच्या कारखान्यातल्या बायकांनी ती फलकावर लिहून संप केला आणि त्यांचे पंखे चालू झाले. आई, पंखे! एवढं बक्षीस मला कोणी दिलं नव्हतं.

औषधं वेळेवर घ्या. खूप घाईत आहे.

ठसका


२ डिसेंबर

आई,

दोन आठवडे झाले, पत्र नाही. शेजारणीला फोन केला तर म्हणाली, बऱ्या आहेत, पण दार लोटून बसतात. रागावलात का? मी टीव्हीवर कोणाला जास्त बोलले का? काय असेल ते लिहा. शिव्या घाला, पण लिहा.

ठसका


९ डिसेंबर

पोरी,

लिहायला बसते आणि उठते. आज लिहूनच उठायचं ठरवलं आहे.

ती मुलगी परत आली होती, कपाटाचा रंग जुळवायला. तिच्याजवळ चित्रं होती, सिनेमात काय काय दिसणार त्याची. चहा करेपर्यंत मी चाळली. एकात तू कपाटात गुडघ्यात डोकं घालून बसली आहेस आणि तो बाहेरून कडी घालतो आहे. पुढच्यात तू आतून दारावर दोनदा टकटक करते आहेस. मी तिला विचारलं, हे काय? ती मोठ्याने, तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "खरी गोष्ट आहे ना, आजी. मॅडमची स्वतःची."

भिंतीलाही कान असतात म्हणतात. आपल्या घरात भिंतीलाच होते, मला नव्हते. मी चुलीपाशी, तू पलीकडच्या खोलीत. तू ओरडली असशील. मला कसं कळणार? आणि मी येऊन त्याच दारावर टकटक करून काय म्हणाले, तर जेवण गार होतंय.

एक दिवस तू घामाने निथळत बाहेर आलीस, ओढणी चिकटलेली. मी विचारलं, काय झालं? तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटलात. मीही हसले. आता रोज रात्री ते हसू आठवतं. तू भीतीने हसत होतीस का गं?

त्याचा फोटो भिंतीवरून उतरवून ठेवला आहे. आईच आहे, फेकवला नाही. पण समोर नको वाटला.

तुला मी आणली त्या घरात. मला माफ कर म्हणायलाही लाज वाटते.

आई


१२ डिसेंबर

आई, आई, आई,

नाही. एकदाही नाही. त्याने मला कधी बोट लावलं नाही, कोंडलं तर मुळीच नाही. आधी तो फोटो भिंतीवर लावा आणि मग पुढचं वाचा.

एका मुलाखतीत प्रश्न विचारणाऱ्या बाई म्हणाल्या, "ती टकटक ऐकून वाटतं, कोणीतरी कोंडलं आहे." मी काही बोलायच्या आत जाहिरात लागली. दुसऱ्या दिवसापासून मुलींची पत्रं सुरू झाली: ताई, मलाही कोंडतात, तुमची टकटक ऐकते आणि दिवस काढते. शेकड्याने आली. मग दिग्दर्शक म्हणाले, आपला सिनेमा हाच. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "सुखी नवरा-बायको कपाटात गाणं करतात, यातून त्या मुलींना काय मिळणार?" वाटलं, तो तर गेला, त्याचं काय बिघडणार आहे, आणि या मुली जिवंत आहेत. तुम्ही काही सिनेमा बघणार नाही, हेही मनात धरलं होतं. तुमच्यापर्यंत पोचेल आणि तुम्ही ते खरं मानाल, हे स्वप्नातही नव्हतं. मी हो म्हटलं, आई.

आता काय झालं होतं ते ऐका. बंद जागेत माझा जीव घाबरतो. लहानपणापासून. दार घट्ट लावलं तरच आवाज चांगला येणार, आणि दार लागलं की माझा श्वास अडकायचा. पहिल्या दिवशी एक ओळ म्हणून मी धडपडत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी तो दाराच्या फटीत अंगठा घालून बाहेर जमिनीवर बसला. म्हणाला, "अंगठा आहे तोवर दार लागू शकत नाही. तू अंगठ्याकडे बघ आणि गा." सगळं पहिलं गाणं मी त्या अंगठ्याकडे बघून गायले आहे.

आणि तुम्ही आलात, तो यंत्रांच्या आड जमिनीवर बसलेला तुम्हाला दिसला नाही, आणि तुमची टकटक म्हणजे काय हे मी सांगायला नको. दार त्याच्या अंगठ्यावर बसलं. तो ओरडला नाही, कारण गाणं रेकॉर्ड होत होतं. दात आवळून फक्त "स्स" केलं. तो स्स अजून गाण्यात आहे. टकटकीच्या मागून. लोक वाद घालतात, कोण म्हणतं झांज आहे, कोण म्हणतं साप. तो तुमचा मुलगा आहे. म्हणून आम्ही हसत होतो. घाम रजयांचा होता.

दिग्दर्शकांना आजच सांगितलं, तो प्रसंग मी करणार नाही. ते म्हणाले सेट उभा आहे. मी सोडलं तर दुसरी नटी घेऊन हेच करतील. मला समजत नाहीये काय करू. तुम्ही सांगाल तसं.

तुमची,
ठसका


१८ डिसेंबर

सूनबाई,

फोटो लावला. आधी पुसला, मग चांगला फैलावर घेतला. मला म्हणाला होता, बोट दारात सापडलं. दार कोणाचं, ढकललं कोणी, एक अक्षर नाही. नख काळं पडून गळलं तेव्हा मीच हळद लावत होते आणि "धांदरट आहेस" म्हणून बोलत होते! आणि हा ऐकून घेत होता.

आता तुला एक सांगते. तुझे सासरे मला कोंडायचे. स्वयंपाकघरात, बाहेरून कडी. भाजीत मीठ कमी, कडी. पगार उशिरा, कडी. खटपट्या तेव्हा शाळेतही जात नव्हता. तो दाराबाहेर पालथा पडायचा आणि दाराखालच्या फटीतून बोटं आत सरकवायचा. बोलायचा नाही, बाप ऐकेल म्हणून. मी ती बोटं धरून बसायचे. म्हणून ती चित्रं बघून मी लगेच विश्वास ठेवला. म्हटलं, बापाचं रक्त. तुझ्या पत्रात अंगठा वाचला आणि इतकी रडले की शेजारीण धावत आली. अंगठा आणखी कोण घालणार गं? तोच.

तू विचारलंस म्हणून सांगते. कोंडलं की गाणं होतं, असं त्या पोरींना दाखवू नकोस. मला इतकी वर्षं कोंडलं, एक ओळ सुचली नाही. कोंडलं की माणूस मुकं होतं. दिग्दर्शकाला हवं तर त्याने करावा सिनेमा, चांगला करावा, पण माझ्या लेकाच्या नावावर नाही, आणि माझ्या कपाटात तर नाहीच. ती मुलगी परत आली तर चहा देईन, मोजू देणार नाही.

सिनेमा गेला तर जाऊ दे. तुझ्या नावाने पोरं बाकं वाजवतातच आहेत. मास्तरांच्या डोक्याला ताप पुष्कळ झाला.

आई


६ जानेवारी

आई,

सोडला सिनेमा. वाटलं तेवढी भांडणं झाली नाहीत. मी तुमचं पत्र दिग्दर्शकांना वाचून दाखवलं (तुमच्या परवानगीशिवाय, रागवा). ते म्हणाले, सिनेमा करणारच, पण नावं, कपाट, टकटक सगळं काढतो. एका स्वयंपाकघराची गोष्ट करतो, आणि तिच्यात गाणं नसेल. दुसरी नटी आली आहे. माझा डगला तिला बरोबर बसला, डागांसकट. खरं सांगू, वाईट वाटलं. मोठ्या पडद्यावर दिसायची हौस होती मला. कारखान्यातून सुटून रांग लावून सिनेमे बघितले आहेत मी.

शनिवारी मोठा कार्यक्रम होता. मैदान भरलं होतं. सुरुवातीला सगळ्यांनी टकटक केली, पाय, टाळ्या, खुर्च्या, जे हाताला लागेल त्यावर. मी हात वर करून थांबवलं आणि सांगितलं. मला कोणी कोंडलं नव्हतं. ही माझ्या सासूबाईंची टकटक आहे, त्या जेवायला बोलावत होत्या, आणि नवऱ्याचा अंगठा दारात होता. आधी हशा. मग त्यांनी परत टकटक केली, या वेळी हळू. मला पुढची ओळ आठवेना, तर ती त्यांनी म्हटली.

पण सगळं गोड नाही, आई. खूप मुली रागावल्या. एकीने लिहिलं, तुम्ही आमच्यातल्या होतात, आता नाही. आणि एक पत्र कालपासून माझ्या पर्समध्ये आहे. ती चोवीस वर्षांची आहे, भावाच्या घरी राहते. तिने फोनवर स्वतःचं गाणं टाकलं, तेव्हापासून तिला खोलीत कोंडून ठेवतात. तिने लिहिलंय, "तुमच्या दाराबाहेर सासू होती आणि अंगठा होता. माझ्या दाराबाहेर कोणी नाही. दुपारी थोडा वेळ दार उघडं असतं, पण बाहेर पडून मी जाऊ कुठे? आणि आता मी गाणं तरी कोणाचं ऐकू?"

स्टेजवर मी कोणालाही शब्दात हरवते. हिला लिहायला बसले तर "धीर धर" सोडून काही सुचत नाही, आणि ते लिहायची लाज वाटते. तुम्ही काय लिहिलं असतं?

ठसका


१३ जानेवारी

पोरी,

धीर धर लिहू नकोस. मला सगळ्यांनी तेच सांगितलं होतं.

आपला पत्ता लिही. गाडी कुठली, उतरायचं कुठे, कुठल्या वळणावर विचारायचं, सगळं नीट, बाळबोध अक्षरात. तिकीट पाठव. मोठी बाई आहे ती, तिच्या मनाने येऊ शकते, हेही लिही, म्हणजे भावाने डोळे वटारले तर तिला माहीत असेल. तुमच्यातल्या त्या वकीलबाई, तुझे करार बघतात त्या, त्यांचा नंबरही खाली घाल.

खटपट्याची खोली मी आवरली. तीन वर्षं मी तिथे कोणाला झाडू मारू दिला नव्हता, तुलाही नाही, तू बोलली नाहीस पण मला कळत होतं. आज स्वतः झाडली. त्याची यंत्रं भिंतीकडे सरकवली, वायरींचा गुंता मात्र तसाच आहे, त्याला हात लावायची माझी छाती नाही, तू आल्यावर बघ. पलंगावर नवी चादर घातली. दोन रजया कपाटातून उपसून काढून उन्हात टाकल्या आहेत, रात्री गारठा असतो. तू गायला बसशील तेव्हा परत ठोक.

तिला सांग, इथे गायचं असेल तर गा, रडायचं असेल तर रड, ओरडायचं असेल तर कितीही मोठ्याने ओरड, म्हातारीची झोप मोडत नाही. मशीन काढून ठेवलं की मी दगड. आणि मी विचारपूस करून जीव खाणार नाही. बोलावंसं वाटलं तर कागदावर लिहावं, नाही वाटलं तर तसंच राहावं. जेवायला मात्र वेळेवर यायचं.

शेजारीण म्हणते, अनोळखी पोर घरात घेता, वेड लागलं का? मी म्हटलं, सूनही अनोळखीच होती.

कुठल्या दिवशी निघते ते ती कळवू शकणार नाही कदाचित. दुपारी दार उघडं दिसलं की निघेल, आणि इथे कुठल्याही वेळेला पोचेल. तू तिला एवढं नक्की लिही, की घरातल्या म्हातारीला घंटा ऐकू येत नाही, म्हणून आजपासून दार उघडंच असतं.

आई